प्रमाणपत्र कक्षाचे की माणसाचे?

या महिन्यात सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच विषयाची निघाली. महाविद्यालयांत आणि काही शाळांत आता लेखन मार्गदर्शन कक्ष सुरू होत आहेत आणि त्यांच्या मागोमाग त्या कक्षांना प्रमाणपत्र देऊ पाहणारेही आले आहेत. म्हणून या वेळचे सदर त्या एकाच विषयाला दिले आहे. पहिल्या पत्राचे उत्तर बरेच लांबले आहे. त्याला इलाज नाही, कारण उरलेल्या तिन्ही पत्रांची मुळे त्याच उत्तरात आहेत.

प्रश्न : सातारा तालुक्यातील एका महाविद्यालयात मी इंग्रजी शिकवते. दोन वर्षांपूर्वी आम्ही ग्रंथालयाच्या वरच्या खोलीत लेखन कक्ष सुरू केला. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाचे आणि एम.ए.चे मिळून सहा विद्यार्थी आठवड्यातून चार दुपारी तेथे बसतात आणि इतरांना अर्ज, प्रकल्प अहवाल, निबंध लिहिताना मदत करतात. अलीकडे एका खासगी कंपनीने ‘आंतरराष्ट्रीय प्रमाणित लेखन केंद्र’ असा दर्जा देण्याची तयारी दाखवली आहे. शुल्क आम्हाला परवडण्यापलीकडचे आहे, पण नॅकचे, म्हणजे राष्ट्रीय मूल्यांकन व मान्यता परिषदेचे, मूल्यांकन तोंडावर असल्यामुळे प्राचार्य अनुकूल आहेत. अशा कक्षांना खरोखर मान्यता देणारी एखादी संस्था आहे का?

उत्तर : शुल्क भरण्यापूर्वी आपण त्या कंपनीला लेखी विचारावे की ती नेमके काय प्रमाणित करते: कक्ष, मदतनीसांना दिले जाणारे प्रशिक्षण, की प्रशिक्षण घेतलेली व्यक्ती. या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि जाहिरातीत त्या हेतुपुरस्सर एकत्र कालवलेल्या असतात. उत्तर गोलमोल आले तर तेथेच थांबावे.

लेखन केंद्र ही कल्पना मुख्यतः अमेरिकेतील विद्यापीठांत वाढली. आयोवा विद्यापीठातील लेखन प्रयोगशाळा १९३४ पासूनची आहे, आणि त्या काळात ‘प्रयोगशाळा’ हाच शब्द रूढ होता. विद्यार्थ्याच्या चुका शोधायच्या आणि दुरुस्त करून द्यायच्या, असे तिचे रूप बाहेरच्यांना वाटत असे, किंबहुना आजही वाटते. १९८४ मध्ये स्टीफन नॉर्थ या अमेरिकन प्राध्यापकाने एका गाजलेल्या निबंधात या समजुतीवर तक्रारीच्या सुरात लिहिले आणि मांडले की केंद्राचे काम समोरचा कागद सुधारण्याचे नसून लिहिणारा माणूस सुधारण्याचे आहे. प्रमाणपत्राचा सगळा पेच या एका वाक्यातून निघतो. कागद सुधारला की नाही हे तपासणे सोपे आहे. लिहिणारा सुधारला की नाही हे बाहेरून एका दिवसासाठी आलेल्या तपासनिसाला कसे कळणार?

या क्षेत्राची मुख्य संघटना म्हणजे इंटरनॅशनल रायटिंग सेंटर्स असोसिएशन. ती १९८३ मध्ये नॅशनल रायटिंग सेंटर्स असोसिएशन या नावाने सुरू झाली. ही संघटना कोणत्याही केंद्राला प्रमाणपत्र किंवा मानांकन देत नाही. मानांकन द्यावे की नाही, यावर तेथे १९९०च्या दशकात बरीच चर्चा झाली. बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे असे, की बाहेरचा शिक्का असला तर संस्थाचालकांपुढे अंदाजपत्रक मांडताना केंद्रप्रमुखाला जोर येतो आणि केंद्र सहजासहजी बंद करता येत नाही. विरोधकांचे म्हणणे असे, की एका ठिकाणी पूर्णवेळ संचालक आणि तीसचाळीस मदतनीस आहेत, तर दुसऱ्या ठिकाणी एकच प्राध्यापक आपल्या तासिकांच्या फटीत केंद्र चालवतो. दोघांना एकाच मापाने मोजले तर मोठ्यांचे फावेल आणि लहानांच्या हाती नापासाचा दाखला पडेल. मला स्वतःला दुसरी बाजू अधिक पटते, कारण ग्रंथालयाच्या वरच्या खोलीत चालणारे कक्ष मी पाहिले आहेत. मात्र पहिल्या बाजूचे दुखणेही खोटे नाही. ज्या खोलीला नाव नसते, ती पुढच्या वर्षी स्टोअररूम होते.

आपल्या प्रश्नाच्या जवळ जाणारी खरी व्यवस्था आणखी एका संघटनेकडे आहे. कॉलेज रीडिंग अँड लर्निंग असोसिएशन ही अमेरिकन संघटना १९८९ पासून मदतनीसांच्या प्रशिक्षण कार्यक्रमाला प्रमाणपत्र देते. येथे ‘कार्यक्रमाला’ हा शब्द महत्त्वाचा आहे. संघटना आपल्या सहा विद्यार्थ्यांना ओळखत नाही आणि त्यांची परीक्षाही घेत नाही. महाविद्यालय मदतनीस कसे निवडते, त्यांना काय शिकवते, त्यांच्या कामाचे मूल्यमापन कसे करते, हे ती कागदपत्रांवरून पाहते आणि कार्यक्रम निकषांत बसला तर त्या पातळीचे प्रमाणपत्र विद्यार्थ्यांना देण्याचा अधिकार महाविद्यालयाला मिळतो. पातळ्या तीन आहेत. प्रत्येक पातळीसाठी किमान १० तासांचे प्रशिक्षण आणि प्रत्यक्ष मदतीचे २५ तास लागतात. प्रशिक्षणाच्या विषयांत भेटीची सुरुवात आणि शेवट कसा करावा, लक्षपूर्वक कसे ऐकावे, आपल्या आवाक्याबाहेरचा प्रश्न योग्य माणसाकडे कसा पाठवावा, कामाची नीतिमत्ता काय, अशा अगदी व्यवहारी गोष्टी असतात. याउलट नॅशनल ट्युटरिंग असोसिएशन ही दुसरी संघटना थेट व्यक्तीला प्रमाणित करते. या दोन्ही संघटनांचे काम सर्व विषयांच्या शिकवणीसाठी आहे. केवळ लेखन कक्षासाठी नाही.

आता नॅकविषयी, कारण प्राचार्यांची घाई तेथूनच आली आहे. नॅक ही १९९४ मध्ये स्थापन झालेली परिषद संस्थेचे मूल्यांकन करते; संस्थेतील एखाद्या कक्षाला ती वेगळी मान्यता देत नाही. सात निकषांच्या परिचित पद्धतीत आपला कक्ष पाचव्या निकषात, म्हणजे विद्यार्थी साहाय्य आणि प्रगती या भागात, दाखवता येतो, किंवा काम भक्कम असेल तर सातव्या निकषात उत्तम उपक्रम म्हणून मांडता येतो. दोन्हीकडे पुरावा म्हणून लागतात त्या तारीखवार नोंदी. आयएसओचेही तसेच आहे. फलकावर ‘आयएसओ प्रमाणित’ असे लिहिणाऱ्या पुष्कळ संस्थांना हे ठाऊक नसते की आयएसओ ही संघटना फक्त मानके प्रसिद्ध करते. प्रमाणपत्र देण्याचे काम तिऱ्हाईत संस्था करतात, आणि म्हणून प्रमाणपत्राचे वजन ते देणाऱ्या संस्थेच्या वजनाइतकेच असते. शैक्षणिक संस्थांच्या व्यवस्थापनासाठी २०१८ मध्ये आयएसओ २१००१ हे मानक आले, पण त्याचा विषय व्यवस्थापन आहे. विद्यार्थ्याच्या परिच्छेदाशी त्याचा संबंध नाही.

येथे माझीच एक फजिती सांगतो. मी नोकरीत असताना आमच्या महाविद्यालयाने एका उपक्रमासाठी असेच एक प्रमाणपत्र पैसे भरून आणले होते. सोनेरी किनारीची चौकट करून ते प्राचार्यांच्या दालनाबाहेर लावले आणि त्याखाली उभे राहून फोटोही झाले. पुढे बाहेरून आलेल्या समितीतील एक ज्येष्ठ बाई त्या चौकटीसमोर क्षणभर थांबल्या आणि मला म्हणाल्या, “छान. गेल्या महिन्यात किती मुले आली होती?” मी आयक्यूएसीच्या, म्हणजे महाविद्यालयाच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाच्या, समन्वयकांकडे पाहिले, त्यांनी शिपायाकडे पाहिले. वही होती, तिची शेवटची नोंद सात महिन्यांपूर्वीची होती आणि तीही पेन चालते का पाहण्यासाठी केल्यासारखी दिसत होती.

तेव्हा माझा सल्ला असा, की त्या कंपनीला नम्रपणे नकार कळवावा आणि वर सांगितलेले १० आणि २५ तासांचे माप स्वतःच स्वतःला लावून पाहावे. त्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही. सहाही मदतनीसांना जूनमध्ये, प्रवेशाच्या धांदलीनंतर, दोन-दोन तासांच्या पाच बैठकांत प्रशिक्षण द्यावे आणि प्रत्येक बैठकीची विषयवार हजेरी ठेवावी. मदतनीस निवडताना मुलाखत घ्यावी आणि एका विषयशिक्षकाची लेखी शिफारस मागावी. सत्रात किमान एकदा आपण स्वतः कोपऱ्यात बसून प्रत्येक मदतनीसाची एक भेट पाहावी, आणि नंतर त्याच्याशी बोलावे. हे एक वर्ष नीट झाले, तर पुढे परदेशी संघटनेकडे अर्ज करायचा की नाही हे आपण मोकळ्या मनाने ठरवू शकाल, आणि केला तर लागणारी निम्मी कागदपत्रे तयार असतील.

भेटीची नोंद कशी असावी, याबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण कक्षाची खरी परीक्षा तेथेच होते. मी पाहिलेल्या एका वहीत ‘व्याकरण सुधारले’ एवढीच नोंद पानोपानी होती. तीवरून काहीच कळत नाही. त्याउलट एका मुलीने लिहिलेली नोंद मला अजून आठवते. माण तालुक्यातील एक मुलगा आपल्या गावातील पाणलोटाच्या कामावरचा प्रकल्प घेऊन आला होता. नोंदीत होते: “पहिली दोन पाने ‘पाणी हे जीवन आहे’ यावर. बांधाचा उल्लेख चौथ्या पानावर. मी विचारले, बांध कधी झाला, तू पाहिलास का? तो वीस मिनिटे बोलला. मी फक्त त्याचे शब्द कागदावर टिपले आणि कागद त्याला दिला. त्याने पहिली दोन पाने स्वतः काढून टाकली. पुढच्या वेळी: आकड्यांचा तक्ता.” एवढ्या पाचसहा ओळींत मदतनीसाने काय विचारले, पेन कोणाच्या हातात राहिले आणि विद्यार्थी काय ठरवून उठला, हे सगळे आले आहे. अशा शंभर नोंदींची वही समितीच्या टेबलावर ठेवली तर त्या सोनेरी चौकटीची आठवणही कोणाला होणार नाही.

मानधनाचा प्रश्न आपण विचारलेला नाही, पण तो येईलच. सातारा ही कर्मवीर भाऊराव पाटलांच्या ‘कमवा व शिका’ योजनेची भूमी आहे. आपल्या भागातील पुष्कळ महाविद्यालयांत ती योजना चालते, आणि तीत बहुतेक मुलांना बाग, ग्रंथालय किंवा कार्यालयातील कामे दिली जातात. लेखन कक्षातील तास या योजनेत मोजता येतील का, असा प्रस्ताव महाविद्यालय विकास समितीपुढे ठेवावा. मानधन मिळू लागले की नोंदवही आपोआप वेळेवर भरली जाते, हा माझा अनुभव आहे.

प्रश्न : तासगाव तालुक्यातील माध्यमिक शाळेत मी मराठी शिकवतो. नववीच्या मुलांनी सातवीच्या मुलांना निबंध आणि पत्रलेखनात मदत करावी, असा उपक्रम शनिवारी सुरू केला आहे. मुख्याध्यापक म्हणतात, आधी कोणाची तरी मान्यता आणा, नाहीतर पालक विचारतील. शाळेच्या पातळीवर अशी मान्यता असते का?

उत्तर : आपल्या उपक्रमाला मुख्याध्यापकांच्या सहीच्या परिपत्रकापलीकडे कोणतीही मान्यता लागत नाही. अमेरिकेत माध्यमिक शाळांतील लेखन केंद्रांची स्वतंत्र संघटना आहे आणि तेथेही शाळकरी मुलेच मुलांना मदत करतात. त्यामुळे आपण काही जगावेगळे करत नाही आहात, एवढे मुख्याध्यापकांना सांगायला हरकत नाही.

पालक विचारतील हे खरे आहे. मात्र “मान्यता कोणाची?” असे ते क्वचितच विचारतात. “माझा मुलगा दुसऱ्याच्या अभ्यासात वेळ का घालवतो?” हा त्यांचा प्रश्न असतो. पुढील पालकसभेत आपण एका नववीच्या मुलीला एका सातवीच्या मुलाबरोबर सर्वांसमोर दहा मिनिटे बसवावे. दुसऱ्याला समजावून सांगताना आपलीच वाक्ये कशी सरळ होतात, हे पालकांना डोळ्यांनी दिसेल. मुलांच्या हाती लाल पेन मात्र देऊ नका. लाल पेन हातात आले की नववीतील मूल पाच मिनिटांत मास्तर होते, आणि सातवीतील मूल पुढच्या शनिवारी पोटदुखीचे कारण काढते.

प्रश्न : मी विट्याचा आहे आणि सांगलीत एम.ए. करतो. आमच्या विभागाच्या लेखन कक्षात वर्षभर मदतनीस म्हणून काम केले. या कामाचे प्रमाणपत्र मला नोकरीसाठी उपयोगी पडेल का? दुसरे असे, की काही जण सरळ “तूच लिहून दे” म्हणतात, काही तर पैसेही देऊ करतात. कोठपर्यंत मदत करणे योग्य?

उत्तर : नुसत्या ‘सहभाग प्रमाणपत्रा’चा उपयोग फार थोडा, ते आजकाल चहाच्या कपाबरोबर मिळते. मात्र विभागप्रमुखांकडून आपण एक पत्र मागून घ्यावे, ज्यात प्रशिक्षण किती तासांचे झाले, प्रत्यक्ष भेटी किती तासांच्या झाल्या, कोणत्या प्रकारच्या लेखनावर काम केले आणि देखरेख कोणाची होती, हे स्पष्ट लिहिलेले असेल. शिक्षक, पत्रकार, भाषांतरकार, स्पर्धा परीक्षांच्या वर्गातील मार्गदर्शक, यांपैकी कोणत्याही कामासाठी मुलाखतीला बसलात, तर त्या पत्रातील आकड्यांवर तुम्हाला पाच मिनिटे बोलता येईल. आपल्याच भेटींच्या दोन नोंदी, विद्यार्थ्यांची नावे झाकून, त्याला जोडल्यात तर उत्तम.

दुसरा प्रश्न अधिक नाजूक आहे आणि आपण तो विचारलात याचा मला आनंद झाला. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्याविषयी नियम केले. त्यांनुसार प्रबंधाचे इतरांच्या लेखनाशी साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. १० ते ४० टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रत द्यावी लागते. ४० ते ६० टक्के असेल तर एक वर्ष सुधारित प्रत देता येत नाही. आणि ६० टक्क्यांवर गेले तर नोंदणीच रद्द होते. पण हे लक्षात घ्या की साम्य शोधणारी संगणकप्रणाली फक्त आधी कोठेतरी छापलेले वाक्य पकडते. तुम्ही ताजे लिहून दिलेले प्रकरण तिच्या चाळणीतून बिनबोभाट खाली उतरेल. म्हणजे येथे नियम तुम्हाला अडवणार नाही, तुम्हीच तुम्हाला अडवले पाहिजे.

व्यवहारात यासाठी एक साधी पद्धत उपयोगी पडते. विद्यार्थ्याच्या कागदावर आपले पेन टेकवायचे नाही. सुचवायचे ते वेगळ्या कागदावर किंवा तोंडी, आणि बदल त्याने स्वतःच्या हाताने, तुमच्यासमोर करायचा. एखादे वाक्य अडलेच तर तशाच चुकीचे दुसरे वाक्य तुम्ही रचून दाखवावे आणि त्याचे वाक्य त्याच्यावर सोडावे. पैसे देऊ करणाऱ्याला एवढेच सांगावे की कक्ष मोफत आहे, भेटीची वेळ पंचेचाळीस मिनिटांची आहे आणि येताना स्वतः लिहिलेले निदान एक पान आणावे लागते. यातील तिसरी अट ऐकली की बहुतेक जण पुन्हा येत नाहीत. जे येतात, त्यांच्यासाठीच कक्ष आहे.

प्रश्न : कऱ्हाडमधील एक निवृत्त मराठी शिक्षक म्हणून विचारतो. हे सारे लेखन केंद्रांचे खूळ इंग्रजीसाठी आहे. आपल्या मातृभाषेत लिहिणाऱ्या मुलाला केंद्र कशाला? त्याला शुद्धलेखनाचे नियम पाठ करायला लावले की पुरे.

उत्तर : गुरुजी, आपल्या पहिल्या वाक्यात तथ्य आहे. आपल्याकडील बहुतेक कक्ष इंग्रजी विभागांनी काढले आहेत, त्यांचे साहित्य इंग्रजी आहे, आणि इंटरनेटवर मोफत मिळणारी लेखनाची साधनेही, पर्ड्यू विद्यापीठाच्या प्रसिद्ध ऑनलाइन लेखन प्रयोगशाळेसारखी, इंग्रजीसाठीच आहेत. मराठीत त्या तोडीचे काही उभे राहिलेले नाही, आणि ही आपल्या सर्वांची हयगय आहे.

मात्र दुसऱ्या भागाशी मी सहमत नाही. मराठी साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखनाच्या नियमांपैकी १४ नियमांना शासनाने १९६२ मध्ये मान्यता दिली आणि १९७२ मध्ये आणखी चारांची भर पडली. हे १८ नियम एका तक्त्यावर मावतात आणि ते पाठ असलेली मुले मी पुष्कळ पाहिली आहेत. त्यांपैकी कितीतरी जणांना ग्रामपंचायतीकडे करायचा एका पानाचा तक्रारअर्ज लिहिताना मागणी कोणत्या परिच्छेदात मांडावी, हे ठरवता येत नाही. “वरील विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की” असे सुरू झालेले वाक्य पानाच्या तळाशी पोहोचले तरी नळाला पाणी कोणत्या दिवसापासून येत नाही, हे कळत नाही. त्या अर्जातील वेलांट्या सर्व बरोबर असतात.

म्हणून मराठी कक्षात मी मदतनीसांना सांगत असे की भेटीची पहिली पस्तीस मिनिटे ऱ्हस्व-दीर्घाकडे पाहायचे नाही. शेवटची दहा मिनिटे त्यासाठी राखून ठेवायची आणि त्यातही एकाच प्रकारची चूक धरायची: आज फक्त शेवटच्या अक्षराची वेलांटी, पुढच्या वेळी फक्त सामान्यरूप. आपण कऱ्हाडला आहात आणि निवृत्त आहात. जवळच्या एखाद्या महाविद्यालयाने अशा कक्षासाठी विचारले, तर ती शेवटची दहा मिनिटे सांभाळायला आपल्यापेक्षा योग्य माणूस त्यांना मिळणार नाही. पहिली पस्तीस मिनिटे मात्र गप्प बसावे लागेल.